जन्मठेपेचा हिशेब

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हे समीकरण महाराष्ट्रात इतके रूढ झाले आहे की, त्याला कायद्याचा आधार आहे काय, हे तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालसारख्या गावी एस. टी.च्या थांब्यावर वृत्तपत्र चाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत काम करणाऱ्या पदवीधर कारकुनाला विचारावे. उत्तर बहुधा एकच मिळते. कोणी चौदाऐवजी वीस म्हणतो, तर कोणी तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, म्हणून चौदाची सातच वर्षे भरतात, असेही छातीठोकपणे सांगतो. शाळेतील शिक्षकही या समजाला अपवाद नसतात. वस्तुतः हे तिन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते चुकीचे आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९६१ रोजीच निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. ज्या कैद्याच्या अर्जावर हा निकाल झाला, त्याचे नाव गोपाळ विनायक गोडसे असे होते.

महात्मा गांधींच्या खुनाविषयी महाराष्ट्रात आजवर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. नाटके झाली, त्यांवर वाद झाले, सभा उधळल्या गेल्या. परंतु या सर्व गदारोळात ज्याचा विचार सर्वांत कमी झाला, तो भाग म्हणजे फाशीनंतरचा. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली आणि त्यांच्यापुरता खटला संपला. ज्यांना जन्मठेप झाली त्यांच्यापुरता तो संपला नाही. शिक्षा कशासाठी, किती काळ, ती कमी करण्याचा अधिकार कोणाचा आणि सुटून आलेल्या माणसाकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे प्रश्न गोपाळ गोडसे याच्या कारावासाने उपस्थित केले. त्यांपैकी पहिल्या तिन्हींची उत्तरे कायद्याने दिली. चौथ्याचे उत्तर समाजाने द्यावयाचे होते. ते अद्याप नीट दिले गेलेले नाही.

लष्करी भांडारातील कारकून

गोपाळ गोडसे याचा जन्म १२ जून १९१९ चा. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. घरची स्थिती बेताची. नथुरामपेक्षा तो नऊ वर्षांनी धाकटा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लष्कराच्या भांडार खात्यात लागला, इराण-इराकपर्यंत जाऊन आला आणि परत आल्यावर पुण्याजवळ खडकीच्या लष्करी भांडारात नोकरी करू लागला. पत्नी, दोन लहान मुली, दरमहा ठरलेला पगार आणि वरिष्ठांकडे अर्ज करून मिळणारी रजा, असे त्याचे आयुष्य होते. महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय नोकरदारांचे असते तसेच ते होते. राजकीय खून करणारी माणसे काही वेगळ्याच मुशीतून घडलेली असतात, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही. अशीच रजा घेऊन हा कारकून जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीला गेला.

२० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनातील प्रार्थनेच्या वेळी मदनलाल पाहवा याने स्फोट घडवून आणला. तेव्हा गोपाळ गोडसे तेथे हजर होता. कट फसला, मदनलाल पकडला गेला आणि बाकीचे निसटले. त्यानंतर गांधीजींनी प्रार्थनासभेत, स्फोट करणाऱ्या त्या तरुणाचा कोणी तिरस्कार करू नये, असे सांगितले. दहा दिवसांनी, ३० जानेवारीच्या सायंकाळी, नथुरामने गोळ्या झाडल्या. त्या दिवशी गोपाळ दिल्लीत नव्हता. ५ फेब्रुवारीस त्याला अटक झाली. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम आणि आपटे यांना फाशी; विष्णु करकरे, मदनलाल पाहवा, गोपाळ गोडसे, शंकर किस्तय्या आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांना जन्मठेप. आणि विनायक दामोदर सावरकर यांची निर्दोष मुक्तता. पुढे अपिलात, जून १९४९ मध्ये, पंजाब उच्च न्यायालयाने किस्तय्या आणि परचुरे यांनाही सोडले. एवढ्या प्रक्षोभाच्या काळातही न्यायालयाने प्रत्येक आरोपीचा पुरावा स्वतंत्रपणे तोलला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण त्याच काळात न्यायालयाबाहेर काय चालले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. खुनाची बातमी पसरताच कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांत आणि अन्यत्रही ब्राह्मणांची घरे आणि दुकाने जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ आगीत भस्मसात झाला. ज्यांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांना केवळ जातीमुळे शिक्षा भोगावी लागली. जमाव आडनावावरून निवाडा करतो, न्यायालयाला मात्र माणसागणिक पुरावा पाहावा लागतो. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी तर मारेकऱ्यांना फाशी देऊ नये, अशी विनंती केली होती. सरकारने ती मानली नाही. ती मानावयास हवी होती की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु ज्यांचा पिता मारला गेला त्यांनी सूड मागितला नाही आणि ज्यांचा काहीच संबंध नव्हता त्यांनी तो घेतला, ही विसंगती विसरता येत नाही.

२,८९३ दिवस

मे १९५० मध्ये गोपाळ गोडसे याला पंजाबातून नाशिक रोडच्या मध्यवर्ती तुरुंगात आणण्यात आले. तुरुंगातील त्याची वर्तणूक चांगली होती आणि कैद्याला मिळणारी प्रत्येक प्रकारची सूट त्याने मिळविली. ३० सप्टेंबर १९६० पर्यंतचा त्याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद आहे. साधी सूट ८३६ दिवस, विशेष सूट २०६, शारीरिक शिक्षणाबद्दल ११३, अध्ययनाबद्दल १०८, वार्षिक सद्वर्तनाबद्दल २५० आणि राज्य सरकारने दिलेली सूट १,३८० दिवस. एकूण २,८९३ दिवस. म्हणजे सुमारे सात वर्षे अकरा महिने. अटकेपासून तोपर्यंत प्रत्यक्ष भोगलेला काळ सुमारे बारा वर्षे आठ महिन्यांचा होता. दोन्हींची बेरीज वीस वर्षांहून अधिक होते. जन्मठेप म्हणजे वीस वर्षे, ती भरली, आता मला एक दिवसही अधिक डांबून ठेवणे बेकायदेशीर आहे, असा त्याचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नव्हता. भारतीय दंडविधानाच्या ५७ व्या कलमात, शिक्षेचा अंश काढताना जन्मठेप वीस वर्षांची धरावी, असे म्हटले होते. ५५ व्या कलमान्वये जन्मठेपेचे रूपांतर चौदा वर्षांपर्यंतच्या कैदेत करण्याचा अधिकार सरकारला होता. तुरुंगाच्या नियमांतही सूट मोजण्यासाठी जन्मठेपेला वर्षांचा आकडा लावलेला असे. शिवाय काळ्या पाण्याच्या दिवसांपासून लोकांना जन्मठेप वर्षांत मोजण्याची सवय होती. सावरकरांना झालेल्या दोन जन्मठेपी म्हणजे पन्नास वर्षे, हे महाराष्ट्रातील मुलाबाळांनाही पाठ होते. चौदा आणि वीस या आकड्यांचा उगम असा आहे. ते हवेतून आलेले नाहीत. मात्र ज्या कामासाठी ते कायद्यात घातले होते त्याहून निराळ्याच कामासाठी लोक ते वापरू लागले.

न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी दिलेल्या निकालात ही गल्लत दूर करण्यात आली. ५७ वे कलम केवळ अपूर्णांक काढण्यापुरते आहे. त्याने जन्मठेपेची मुदत ठरत नाही. तुरुंगाचे नियम हे प्रशासनाचे नियम आहेत. न्यायालयाने दिलेली शिक्षा त्यांनी बदलत नाही. जन्मठेप म्हणजे कैद्याच्या उरलेल्या नैसर्गिक आयुष्याइतकी कैद. कमावलेली सूट उपयोगी पडेल ती सरकारने शिक्षा माफ करण्याचे ठरविले तर. आणि तसे ठरविणे हा सरकारचा अधिकार आहे, कैद्याचा हक्क नव्हे. आयुष्य किती उरले आहे हे कोणास ठाऊक नसल्यामुळे त्यातून दिवस वजा करून उत्तर काढता येत नाही, असे या निकालाचे सार सांगता येईल. अर्ज फेटाळला गेला.

या प्रसंगातील एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गोपाळ गोडसे याने हा अर्ज राज्यघटनेच्या ३२ व्या कलमान्वये केला होता. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा तो अधिकार. ही घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. गांधीजींना ती पाहता आली नाही. ती पाहण्याची संधी ज्या कटाने हिरावून घेतली, त्या कटात दोषी ठरलेल्या माणसाला मात्र तिचे संरक्षण मिळाले, त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि कारणे देऊन त्याला उत्तर दिले गेले. याला कोणी राज्याचा दुबळेपणा म्हणेल. परंतु राज्य आणि टोळी यांत जो फरक आहे तो नेमका हाच आहे.

सुटका आणि सत्कार

पुढे सरकारने आपला अधिकार वापरला आणि १३ ऑक्टोबर १९६४ रोजी गोपाळ गोडसे, विष्णु करकरे आणि मदनलाल पाहवा यांची सुटका झाली. तोपर्यंत गोपाळने सोळा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आत गेलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर आला. या सुटकेत कायद्याच्या दृष्टीने काही गैर नव्हते, आणि माणुसकीच्या दृष्टीनेही तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्यासाठी जगण्याचा एकही दिवस तुरुंगाबाहेर शिल्लक नाही अशा कैद्याला सुधारण्याचे कारण राहत नाही, हे खरेच आहे.

गैर घडले ते यानंतर. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात या सुटकेप्रीत्यर्थ सत्यविनायकाची पूजा करण्यात आली. त्या समारंभात, लोकमान्य टिळकांचे नातू आणि 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी, नथुरामचा बेत आपल्याला अगोदर माहीत होता आणि बाळूकाका कानिटकरांच्या द्वारे आपण तो मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या कानी घातला होता, असे सांगितले. देशभर खळबळ उडाली, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि अखेरीस कपूर आयोगाची नेमणूक होऊन १९६९ मध्ये त्याचा अहवाल आला. सोळा वर्षांच्या कारावासाने जे प्रश्न उकरून काढले नव्हते ते एका सायंकाळच्या सत्काराने काढले.

सरकारनेही त्यावेळी तोल सोडला. गोपाळ गोडसे याला भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले आणि सुमारे वर्षभर खटल्यावाचून ठेवण्यात आले. जो माणूस न्यायालयाने दिलेली आणि सरकारने माफ केलेली शिक्षा भोगून बाहेर पडला होता, त्याला नव्या आरोपाशिवाय आत टाकणे हे समर्थनीय नव्हते. सत्कार करणाऱ्यांचा निषेध करावयाचा तर तो लेखणीने आणि सभेत करावयास हवा होता. त्यानंतर त्याने 'गांधीहत्या आणि मी' हे पुस्तक लिहिले. सरकारने ते जप्त केले, आणि १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा हुकूम रद्द केला. पुस्तकातील विचार न पटणाऱ्यांनीही या निकालाचे स्वागतच केले पाहिजे. विचार चुकीचा असेल तर त्याला उत्तर द्यावे. जप्तीने तो केवळ लपतो.

गोपाळ गोडसे याने पश्चात्ताप कधीच व्यक्त केला नाही. २६ नोव्हेंबर २००५ रोजी पुण्यात त्याचे निधन झाले, तोपर्यंत तो आपल्या मताशी चिकटून राहिला. म्हणजे सुटकेनंतर एकेचाळीस वर्षे त्याला मोकळेपणे बोलता आले, लिहिता आले, मुलाखती देता आल्या. ज्या राष्ट्रपित्याच्या खुनात तो सहभागी होता, त्याच्या राष्ट्राने त्याला एवढे दिले. यात राष्ट्राची हानी झाली नाही. हानी झाली ती तेथे, जेथे श्रोत्यांनी या स्वातंत्र्याचा अर्थ सन्मान असा घेतला. २०१७ मध्ये ग्वाल्हेर येथे नथुरामचा पुतळा बसविण्यापर्यंत काहींची मजल गेली, ती याच वाटेने.

यावर एक प्रतिप्रश्न नेहमी केला जातो. चापेकर बंधूंनी १८९७ मध्ये रँडचा खून केला. त्यांचे स्मारक चिंचवडला आहे. अनंत कान्हेरे याने १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याला महाराष्ट्र हुतात्मा म्हणतो. मग गोडशांनाच निराळा न्याय का? चापेकर आणि कान्हेरे यांच्या काळी सत्ता परकी होती, ती बदलण्याचा मतपेटीचा मार्ग देशाला उपलब्ध नव्हता आणि त्यांनी मारलेली माणसे त्या सत्तेचे अधिकारी होती. तरीही त्यांचा मार्ग योग्य होता काय, याबद्दल त्यांच्या काळीच मतभेद होते. गांधीजी तर कोणत्याही अधिकारपदावर नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक निःशस्त्र माणूस प्रार्थनेला चालला होता, देशात स्वकीयांचे सरकार होते आणि त्याच्या धोरणाला विरोध करण्याची वृत्तपत्रे नथुरामच्या स्वतःच्या हातात होती. पहिल्या दोघांविषयी वाद होऊ शकतो. या तिसऱ्याविषयी वादाला जागा राहत नाही.

जुना निकाल, नवे प्रसंग

१९६१ चा तो निकाल आजही जिवंत आहे. १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घालण्यात आले. ज्या गुन्ह्यास फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून सुटका नाही, असे त्याने ठरविले. चौदा हा आकडा आला तो असा. परंतु तो सुटकेचा दिवस सांगत नाही, त्याआधी सुटकेचा विचारही करू नये एवढेच सांगतो. १९८० मध्ये मारूराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले आणि गोडसे खटल्यातील अर्थच कायम केला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्यातही ही तरतूद ४७५ व्या कलमात आली आहे. देशातील कोणत्याही तुरुंगातला जन्मठेपेचा कैदी सुटकेसाठी न्यायालयात जातो, तेव्हा गोडसे खटल्याचा दाखला त्याच्या वाटेत उभा राहतो. इतिहासाने या नावावर असाही एक व्यवहार लिहून ठेवला आहे.

राजीव गांधी यांचा खून २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे झाला. त्यातील पेरारिवलन याची १८ मे २०२२ रोजी आणि उरलेल्या सहा जणांची ११ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाली. त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट रोजी, बिल्किस बानो प्रकरणातील अकरा कैद्यांना गुजरात सरकारने सोडले आणि गोध्र्याच्या तुरुंगाबाहेर त्यांचे तोंड गोड करण्यात आले. हा खून राजकीय नव्हता, तो त्याहूनही हीन होता. परंतु पुण्याची पूजा आणि गोध्र्याचे पेढे यांतील साम्य नजरेआड करता येत नाही. खटला मुंबईत चालला असल्यामुळे निर्णयाचा अधिकार गुजरातचा नव्हेच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली आणि कैद्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले.

या सर्व प्रसंगांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शिक्षा माफ करण्याचा अधिकार सरकारजवळ राहिलाच पाहिजे. सर्वच कैद्यांना मरेपर्यंत कोंडणारे राज्य न्यायी होत नाही. परंतु ज्या अर्थी हा अधिकार आहे, हक्क नव्हे, त्या अर्थी तो वापरणाऱ्याने कारणे दिली पाहिजेत. कोणाला सोडले, कोणत्या नियमाने सोडले, त्याच नियमाने दुसऱ्याला का सोडले नाही, हे लेखी आणि उघडपणे सांगितले गेले पाहिजे. वशिला नसलेला, वकील न परवडणारा एखादा शेतमजूर त्याच तुरुंगात वीस वर्षे कुजत असतो आणि ज्याच्या मागे संघटना किंवा पक्ष उभा आहे त्याचा कागद मात्र वेगाने सरकतो, असा संशय जरी लोकांच्या मनात आला तरी सुटकेचे नैतिक बळ नाहीसे होते.

दुसरी गोष्ट सरकारच्या हातची नाही. सुटून आलेल्या माणसाला घर मिळावे, काम मिळावे, त्याच्या मुलांना शाळेत कोणी हिणवू नये; एवढे समाजाने त्याला दिलेच पाहिजे. १९४८ साली आडनावावरून घरे जाळणाऱ्या समाजाने तर ते अधिकच कसोशीने दिले पाहिजे. पण हार द्यावयाचा नाही. सरकार शिक्षा माफ करते. गुन्हा माफ करण्याचा अधिकार सरकारला नाही, तो फक्त ज्याचे माणूस गेले त्याला आहे. मणिलाल आणि रामदास गांधी यांना तो होता. पुण्यातील पूजेच्या यजमानांना नव्हता.

जन्मठेप म्हणजे किती वर्षे, असे यापुढे कोणी विद्यार्थ्याने वर्गात विचारले, तर शिक्षकाने चौदा हा आकडा सांगून मोकळे होऊ नये. नाशिक रोडच्या तुरुंगातील त्या कैद्याने मांडलेली २,८९३ दिवसांची बेरीज फळ्यावर लिहावी, ती बिनचूक आहे हे दाखवावे, आणि तरीही न्यायालयाने ती का मान्य केली नाही, याचा विचार मुलांना करू द्यावा.